एका माळकऱ्यामागं चार

हसायचं नाही, हे आधी कबूल करा, मग सांगते. चहा घ्या, खारी बुडवा, काय ते करा, पण हसायचं नाही. कारण ह्या प्रकरणात सगळं गाव मला दोष देतं आणि मला तो अजून मान्य नाही. म्हणजे चूक झाली, नाही असं नाही. पण लोक सांगत फिरतात तशी नाही झाली. तुम्ही ऐका आणि तुम्हीच न्याय करा.

मी गणिताची बाई. वडूजच्या बाजूला एका हायस्कूलमध्ये नववी-दहावीला शिकवते. आमच्या पोरांना नुसतं समीकरण फळ्यावर लिहून द्या, डोळे झाकून सोडवतात. पण तेच शब्दांत घालून विचारलं की वर्गात चिडीचूप. 'बापाचं वय मुलाच्या तिप्पट, दोघांचं मिळून अठ्ठेचाळीस.' किती साधं उदाहरण. तरी दर वर्षी दोन-चार महाभाग मुलाला छत्तीस वर्षांचा करतात आणि बापाला बारा. वर खाली ताळा करून ऐटीत दोन रेघा मारतात.

मग माझा आवाज शेजारच्या वर्गात जातो. "अरे गाढवांनो, उत्तर आलं की एकदा डोळे उघडून बघा तरी. बापाला अजून मिसरूड फुटायचंय आणि पोराला टक्कल पडायला लागलं. असला बाप कुठं बघितलाय का रे?"

हे वाक्य लक्षात ठेवा. गावानं ते मला पुढं सव्याज परत केलं.

तर आमची अश्विनी. एकुलती एक. साताऱ्याला एका दवाखान्यात फिजिओथेरपी करते. तिनं आजवर किती स्थळं नाकारली ते विचारू नका. एकाचं बोलणं आवडलं नाही, एकाची चप्पल आवडली नाही. मी तर आशाच सोडली होती. आणि मग कुंडलच्या बाजूचा विक्रम बघायला आला. लष्करात आहे, उंचापुरा, बोलायला गोड. त्या दिवसापासून आमची पोरगी फोन घेऊन गच्चीवर जायला लागली. 'रेंज येत नाही खाली,' म्हणायची. मला काय कळत नाही का?

पोराला पोरगी पसंत, पोरीला पोरगा पसंत. अडचण एकच, तात्या. विक्रमला वडील नाहीत, ह्या चुलत्यानंच त्याला वाढवला. त्यामुळं तात्या म्हणतील ती पूर्व दिशा. जुना पैलवान माणूस, कान मोडलेले, वीस एकर ऊस, आणि मान ह्या विषयात अतिशय हळवा. एका सोयरिकीत चहाचा कप ह्यांच्या आधी दुसऱ्याला दिला, तर हे उठून गाडीत जाऊन बसले होते. ती सोयरीक तिथंच मोडली.

तात्यांनी निरोप धाडला की तुमच्या यात्रेला आम्ही सगळे येतो, घरदार बघतो, जेवतो आणि जेवण झालं की तिथंच सुपारी फोडू. सुपारी फुटली की सोयरीक पक्की. म्हणजे आता माझ्या पोरीचं लग्न एका जेवणावर येऊन थांबलं होतं.

आमच्याकडची यात्रा म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते. पहिल्या दिवशी देवाला पुरणपोळीचा नैवेद्य. तो नैवेद्य कुणी फारसा मनावर घेत नाही. दुसरा दिवस मटणाचा. पाहुणे म्हणून जे येतात ते दुसऱ्या दिवशी येतात, सकाळपासनं पोट रिकामं ठेवून येतात, आणि मटण कसं होतं ह्यावर वर्षभर नावाजतात नाहीतर नावं ठेवतात.

आमच्या ह्यांनी त्यासाठी एक मोठं बोकड आधीच सांगून ठेवलं होतं. हे लष्करातनं सुभेदार होऊन परत आलेले. ह्यांचा हिशेब सरळ. 'जेवढी नफरी, म्हणजे माणसं, तेवढं राशन, वर थोडं जास्त.' पण जास्त म्हणजे किती, ह्याला काही सूत्र आहे का? नाही. मला अशी अंदाजपंचे कामं चालत नाहीत. म्हणून मी स्वतः तात्यांना फोन लावला.

"तात्या, किती मंडळी येताय?"

"पन्नास धरा की, मॅडम. दोन गाड्या भरून येतोय."

"आणि त्यात माळकरी किती?"

माळकरी म्हणजे गळ्यात तुळशीची माळ घातलेले. ते मटणाला शिवत नाहीत. त्यांची चूल वेगळी, भांडी वेगळी, पंगत वेगळी. हे आधी विचारून ठेवलेलं बरं असतं.

"आता त्येंची डोकी कुठं मोजत बसू?" तात्या म्हणाले. "तुमी असं करा, एका माळकऱ्यामागं चार खाणारं धरा. बराब्बर बसतंय बघा."

खाणारे म्हणजे मटण खाणारे, हे आमच्याकडं वेगळं सांगावं लागत नाही.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. अहो, हे तर माझ्या प्रश्नपत्रिकेतलं उदाहरण. फोन ठेवला, पर्समधला खडू काढला आणि कडप्प्याच्या काळ्या ओट्यावर मांडलं. माळकरी म, खाणारे ख. एक माळकरी, चार खाणारे, म्हणून म बरोबर चार ख. दोघे मिळून पन्नास, म्हणून म अधिक ख बरोबर पन्नास. म च्या जागी चार ख ठेवले. पाच ख बरोबर पन्नास. ख आले दहा, म आले चाळीस. ताळा केला. चाळीस आणि दहा पन्नास, बरोबर. चाळीस हे दहाच्या चौपट, बरोबर. खाली दोन रेघा मारल्या.

दिसली का चूक? नाही ना दिसली? आणि दिसली असेल तर गप्प बसा, मला सांगू द्या.

मी सुभेदारांना हाक मारली. "अहो, चाळीस माळकरी आहेत आणि फक्त दहा खाणारे. ते बोकड कशाला हवंय आपल्याला?"

ह्यांनी ओट्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "चाळीस माळकरी? कुंडलकडची माणसं हायत ती. तालमीतली. तात्याचा एक हात बघितलास का? ती काय माळा घालून मसूर खाणार हायत?"

"मनाला वाटतं म्हणून उत्तर बदलत नसतं."

"अगं, पण जरा इचार कर."

"ताळा केलाय मी. दोन्ही समीकरणांत बसतोय. तुम्हाला ह्यात कुठं चूक दिसते ते दाखवा, लगेच मान्य करते."

आता ह्यांना बीजगणितातली चूक काय दाखवता येणार? हे टाचा जोडून म्हणाले, "जी, मॅडम." हा माणूस बायकोला इतकं घाबरतो तर सीमेवर काय करत होता, हा मला नेहमी प्रश्न पडतो. थोडा विरोध केला असता तर? पण नाही. म्हणजे सांगायचा मुद्दा, चूक एकट्या माझी नाही.

बोकड वाया कशाला घालवायचं? शेजारीच आमच्या थोरल्या जाऊबाईंचं घर. गावातले नि इतर सगळे पाहुणे त्यांच्याकडं जेवणार होते. मी बोकड त्यांना देऊन टाकलं आणि दहा माणसांपुरतं मटण ठेवून घेतलं. जाऊबाई म्हणाल्या, "आगं, सोयरी यायचीत तुझ्याकडं. तुला नगं व्हय?" मी म्हटलं, "नको ताई, सगळं मोजलंय." त्यांनी कपाळाला हात लावला आणि बोकड घेतलं.

मग मी माळकऱ्यांच्या तयारीला लागले. एवढी सात्त्विक माणसं घरात येणार, आणि सोयरीक जुळायचीय, तर त्यांच्या मनासारखं व्हायला नको? मटणाचं पातेलं मागं गोठ्याच्या पलीकडं हलवलं, वास यायला नको म्हणून. पुढच्या मांडवात चाळीस जणांची पंगत. ताटाभोवती रांगोळी. उदबत्त्या. मांडवाच्या तोंडाशी तुळशीचं वृंदावन आणून ठेवलं. अख्ख्या मसुराचं भलंमोठं पातेलं, वांग्याची भाजी, जिलबी. मसूर असा झाला होता की मी स्वतः मटण सोडून खाल्ला असता.

तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी गावातल्या भजनी मंडळाला सांगावा धाडला. म्हटलं पाहुणे येतील तेव्हा दोन अभंग होऊ देत. त्यांचा पखवाजवाला म्हणाला, "मॅडम, आज? मटणाच्या दिवशी?" मी त्याला दटावला. माझा जुना विद्यार्थी, गणितात कच्चा. त्याचं काय ऐकायचं?

गाड्या आल्या बारा वाजता. ऊन मी म्हणत होतं. दार उघडलं आणि एकेक माणूस उतरायला लागला. काय सांगू. एकेकाची छाती म्हणजे आमच्या स्वयंपाकघराचं दार. मिशा वळवलेल्या. कान मोडलेले फक्त तात्यांचेच नव्हते. मी मनात म्हटलं, पैलवान माणसंही माळ घालतात, त्यात काय? उलट कौतुक आहे. मी पुढं झाले आणि प्रत्येकाच्या कपाळाला बुक्का लावला. मागं टाळ सुरू झाले.

तात्या मांडवाच्या मधोमध उभे राहिले. तुळस बघितली. उदबत्त्या बघितल्या. पखवाज ऐकला. कपाळाचा बुक्का बोटानं पुसून बोटाकडं बघितलं.

"सुभेदार," ते आमच्या ह्यांना म्हणाले, "तुमच्यात आज यात्रा हाय का सप्ता?"

सप्ता म्हणजे हरिनामाचा सप्ताह. ह्यांनी उत्तर द्यायचं सोडून माझ्याकडं बोट केलं. बघा, हा माणूस.

मी हसून म्हटलं, "तात्या, तुमच्या माणसांची नीट सोय केलीय. माळकरी इथं मांडवात बसा आणि दहा खाणारे असतील ते मागं गोठ्याकडं या."

दहा जण मांडवात बसले. पांढरे कपडे, गळ्यात माळ, चेहऱ्यावर समाधान. बाकीचे चाळीस वळले आणि गोठ्याकडं चालायला लागले.

मला वाटलं पाहुणे लाजतायत. सोयऱ्यांकडं आल्यावर माणूस लाजतोच. मी आडवी गेले आणि पहिल्या मिशीवाल्याला म्हटलं, "लाजू नका हो. माळ शर्टाच्या आत असली तरी माळच असते. बसा मांडवात."

"माळ?" तो म्हणाला. त्यानं शर्टाचं बटण काढून दाखवलं. आत एक ताईत होता आणि वाघनखाचं लॉकेट. "मॅडम, म्या सकाळपासनं पाणी सुदिक पिलेलं न्हाई. मटण कुठंय?"

गोठ्यामागं दहा पाट. चाळीस माणसं उभी. एक पातेलं, आणि ते पातेलं बघून त्यातला एक जण दुसऱ्याला म्हणाला, "ह्ये चवीला ठेवलंय वाटतं, मोठं भांडं आत आसंल." आत मोठं भांडं होतं, पण त्यात मसूर होता.

तात्यांचा चेहरा लाल व्हायला लागला. "सुभेदार, आमाला बोलवून असं गोठ्यात हुबं करायचं हुतं? आमी काय मागून खायला आलोय?" ते तडक मांडवात आले आणि पायात चप्पल सरकवली. "विक्रम, गाड्या वळवायला सांग."

अश्विनी स्वयंपाकघराच्या दारात साडी नेसून उभी होती. तिचं तोंड उतरलं, डोळ्यांत पाणी आलं. विक्रम ना इकडं ना तिकडं. आणि मला काय वाटलं असेल? तुम्ही म्हणाल लाज. लाज नाही. मला संताप आला. कारण चूक ह्या माणसाची आणि चिडतोय हाच. मी सरळ त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"एक मिनिट, तात्या. जाताय तर जा, पण हिशेब समजून जा. फोनवर काय म्हणाला होता तुम्ही?"

"काय म्हणालो?"

"एका माळकऱ्यामागं चार खाणारे."

"व्हय. मग? चुकीचं सांगितलं का? दहा माळकरी, चाळीस खाणारं. मोजून घ्या."

"मग चुकीचंच सांगितलं. थांबा, दाखवते."

मी रांगोळीचा डबा उचलला आणि मांडवाच्या मधोमध जमिनीवर लिहिलं. म बरोबर चार ख. एवढ्या ठळक अक्षरात की पखवाजवाल्यालाही वाचता यावं. "ही घ्या तुमची भाषा. एक माळकरी, चार खाणारे. म बरोबर चार ख. आता सोडवा. माळकरी चाळीस येतात का नाही? येतात. ताळा पाहिजे तर तोही करून दाखवते. आता मला सांगा, चूक कुणाची?"

पन्नास माणसं त्या रांगोळीकडं वाकून बघायला लागली. कुणाला काही कळेना. भजन थांबलं. तात्या पैलवान, पण समीकरणापुढं तेही निघायचे थांबले. मी म्हटलं, जिंकले.

तेवढ्यात अश्विनी पुढं आली. पदर खोचला, डोळे पुसले, रांगोळीपाशी बसली आणि माझं समीकरण हातानं पुसून टाकलं. माझ्या पोटच्या पोरीनं, चार लोकांत.

"आई," ती म्हणाली, "म म्हणजे माळकरी नाही. म म्हणजे माळकऱ्यांची संख्या. एकामागं चार खाणारे म्हणजे खाणारे जास्त झाले ना? मग जे कमी आहेत त्यांची चौपट करायची, तेव्हा ते जास्तवाल्यांच्या बरोबरीला येणार. तू जे आधीच जास्त आहेत त्यांचीच चौपट केलीस." आणि तिनं लिहिलं, ख बरोबर चार म. "आता ठेव म च्या जागी दहा."

ठेवले. चाळीस आले.

"पण ताळा बसला होता," मी म्हटलं.

"तू ताळा तुझ्या समीकरणात केलास. तात्यांच्या वाक्यात करायचा होता."

तात्या एकदा रांगोळीकडं बघत होते, एकदा अश्विनीकडं.

"पोरी, तुला ह्ये कुणी शिकवलं गं?"

अश्विनीनं माझ्याकडं बोट दाखवलं. "हिनंच. नववीत मी हीच चूक केली होती, तर हिनं मला तासभर बाकावर उभं केलं होतं. वर्गात सगळे हसत होते."

तात्यांनी एक क्षण माझ्याकडं बघितलं आणि त्यांच्या पोटातनं जे हसू निघालं ते आवरेचना. कमरेवर हात ठेवून हसले, मांडवाचा बांबू धरून हसले. "सुभेदार, एक बाक आणा रं कुणीतरी. मॅडमला हुबं करूया." मग चाळीस पैलवान हसले. दहा माळकरी जेवता जेवता हसले. पखवाजवाला तर लोळायचाच बाकी होता. विक्रम तोंड फिरवून हसत होता, होणारा जावई म्हणून एवढी तरी रीत त्यानं पाळली.

तात्यांनी चप्पल काढली. "ही पोरगी आमच्या घरात पायजे. आईचीसुदिक चूक चार माणसांत दाखवती, आन् रडत रडत दाखवती. आमाला असली पायजे." मग आवाज उतरवून म्हणाले, "पर मॅडम, आदी मटणाचं काय?"

मटणाचं काय? मटण शेजारी होतं. माझंच बोकड, जाऊबाईंच्या चुलीवर. त्या घरी मी पातेलं घेऊन कशी गेले ते माझं मला माहीत. 'सगळं मोजलंय,' असं मीच सांगून आले होते ना? जाऊबाई दारातच उभ्या होत्या. भिंतीपलीकडनं सगळं ऐकलं होतं, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. एवढंच म्हणाल्या, "घे की गं, बोकड तुझंच हाय." मला टोमणा चालला असता. हे जास्त लागलं.

त्यांच्याकडची पहिली पंगत उठून गेली होती, त्यामुळं रस्सा भरपूर आणि फोडी थोड्या. फोडी तात्यांच्या बाजूला वाढल्या, रस्सा बाकीच्यांना. पैलवानांनी भाकरी कुस्करून रश्शात बुडवली आणि भुरके मारायला सुरुवात केली. भूक अशी होती की कुणी फोडी शोधत बसलं नाही. जेवणं झाली, विडा झाला, तात्यांनी स्वतः सुपारी फोडली. अश्विनी पाया पडली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रस्सा तिखट होता म्हणून नाही.

निघताना तात्या म्हणाले, "सोयरीक पक्की. आमची अट एकच. लग्नाच्या जेवणाची मोजणी मॅडमनी करायची न्हाई." आणि आमचे सुभेदार, ज्यांनी माझ्या हिशेबाला धड विरोधही केला नव्हता, ते लगेच म्हणाले, "मंजूर." ह्यावेळी टाचाही जोडल्या नाहीत.

मसूर उरला. आठवडाभर तोच खाल्ला. गावात मी भाजी घ्यायला गेले की भाजीवाली विचारायची, "मॅडम, माळकऱ्याला देऊ का खाणाऱ्याला?" शाळेत तर विचारूच नका. बाप बारा वर्षांचा काढणाऱ्या त्याच पोरांनी मला फळ्यावर लिहून ठेवलं, 'असले पाहुणे कुठं बघितलेत का, बाई?' आता मला सांगा, एवढ्या वर्षांच्या नोकरीत हीच एक चूक, तीही चार ओळींच्या पहिल्या ओळीत. पुढच्या तीन ओळी अगदी बिनचूक. पण त्या तीन ओळींचं कुणी कौतुक केलं? कुणी नाही.

लग्न झालं गेल्या महिन्यात. छान झालं, दृष्ट लागण्यासारखं. मुलीची आई म्हणून मला काय काम दिलं असेल? जेवण जाऊबाईंकडं, मानपान ह्यांच्याकडं, आणि माझ्या हातात दिलं अक्षतांचं ताट. म्हणे, "मॅडम, तुम्ही अक्षता वाटा, त्या मोजाव्या लागत नाहीत."

मुकाट्यानं वाटल्या. आता त्या तिसऱ्या मंगलाष्टकालाच संपल्या, आणि तात्यांनी लग्नाच्या भर मांडवात नुसतीच रिकामी मूठ उधळली, तर त्यात माझा काय दोष?